तळ्याच्या जोगळेकरबाई

नाशकात राहून गंगेला नावं ठेवणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. मी शिकवत होते त्या शाळेत भूगोलाला आलेल्या जोगळेकरबाई. गंगा म्हणजे आमची गोदावरी. पण अस्सल नाशिककराची जीभ तिला दुसऱ्या नावानं हाक मारायला वळतच नाही. आणि ही बाई गावात येऊन आठवडा झाला नसेल, तर शिक्षिकांच्या खोलीत भुईमुगाच्या शेंगा सोलता सोलता म्हणते, "नदीचं मला मेलं कौतुकच नाही. आली, लोकांचे पाय धुतले, गेली. कुणासाठी म्हणून थांबत नाही. तळं बघा. तळं थांबतं."

मी पडले पंचवटीतल्या भिक्षुकाची मुलगी. आमच्याकडे गंगेच्या पाण्याशिवाय देवाची आंघोळ नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो बाई, थांबलेल्या पाण्याला वास येतो."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "थांबलेल्या पाण्याला नाही, कोंडलेल्या पाण्याला. ज्याला यायची वाट आहे आणि जायची वाट आहे, ते तळं. ज्याच्या वाटा कुणीतरी बुजवल्या, ते डबकं. एवढं लक्षात ठेवा, आणि या शेंगा घ्या."

मी शेंगा घेतल्या. रागावलेल्या माणसानं शेंगा घेऊ नयेत असं कुठं लिहिलंय?

ती वर्षं एकोणीसशे तीसच्या पुढची. गावाला स्वस्थता म्हणून नव्हती. कुणी मिठापायी तुरुंगात, कुणी देवळाच्या दाराशी ठाण मांडून बसलेलं, कुणी त्यांना हुसकायला काठ्या घेऊन उभं. मुलींची शाळा तेवढी जपून चाललेली. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असं आमच्या मोठ्या बाईंचं धोरण. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी जोगळेकरबाईंना ठेवून घेतलं तेव्हा आपण घरात काय आणतोय याची त्यांना कल्पना नसावी.

जोगळेकरबाई विधवा होत्या आणि केस राखून होत्या. नऊवारी काठाचं, पण काठ बोटभर. पायात पुरुषी वहाणा. हातात काळी छत्री, ऊन असो नसो. पहिल्याच महिन्यात शाळेतल्या हळदीकुंकवाला आलेल्या कुणा शहाणीनं त्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यांनी केस कसे हो ठेवले?" बाई वळल्या आणि म्हणाल्या, "कसे म्हणजे? केस माझ्या डोक्यावर उगवतात, नवऱ्याच्या नव्हे." आणि डाळीची वाटी हातात घेऊन शांतपणे खात बसल्या. त्या दिवशी मी त्यांना गंगेचा अपमान माफ करून टाकला.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा म्हणजे शाळेला ताप होता. भूगोल पुस्तकात असतो हेच त्यांना मान्य नव्हतं. शाळेच्या चौकात मुलींकडून चिखल तुडवून घेत, त्याचे डोंगर करायला लावत, डोंगरांच्या मध्ये खळगा, आणि वरून तांब्यानं पाऊस. "पाणी कुठून आलं? कुठं साठलं? कुठून बाहेर पडलं?" हे तीन प्रश्न. एकीकडे कडा ढासळून ओढा अडला की एका जातीचं तळं, काळ्या पत्थरात मुळातच खोलगा असला की दुसऱ्या जातीचं. मुली कोपरापर्यंत माखलेल्या, परकर वर खोचलेले, आणि चौकातून मोरीपर्यंत चिखलाचा ओघळ. मोठ्या बाई कपाळावर हात मारून म्हणायच्या, "अहो, ही शाळा आहे की कुंभारवाडा?" त्यावर बाईंचं उत्तर ठरलेलं. "कुंभारवाड्यात निदान काहीतरी तयार होतं."

तळ्यालाही वय असतं, असं त्या सांगत. खळग्यात जन्मतं, ओढे वर्षानुवर्षं गाळ आणून ते भरत नेतात, मग काठानं लव्हाळी उगवतात, मग गुरं चरायला लागतात, आणि एक दिवस तिथं कुणीतरी भात लावतो. "मेल्यावरही पोटाला घालतं," असं म्हणून त्या वर्गावरून नजर फिरवत. "तुमच्या ओळखीत अशी किती माणसं आहेत?"

मुलींना त्या घरचा अभ्यास द्यायच्या तोही जगावेगळा. आपल्या आजोळच्या तळ्यात कोण राहतं ते विचारून यायचं. मुली काय काय घेऊन येत! कुठं सोन्याच्या साखळ्या ओढत फिरणारा मासा. कुठं लग्नकार्याला भांडी देणारं तळं. कुणीतरी लबाडानं परत करताना एक परात दाबून ठेवली, तेव्हापासून देणं बंद. मालेगावच्या शेखांची मुलगी त्यांच्या तळ्याकाठच्या पिराची गोष्ट घेऊन आली, त्याच्या काठावर हिंदू-मुसलमान कुणीच खोटं बोलत नाही म्हणे. बहुतेक गावांत मात्र साती आसराच. पाण्यातल्या सात बहिणी. काठावर शेंदूर फासलेले सात दगड दिसले की पाण्यात त्यांची वस्ती आहे असं समजायचं, खणानारळानं ओटी भरायची.

मीच एकदा म्हटलं, "बाई, तुम्ही शास्त्र शिकवता आणि या भाकडकथा कशाला गोळा करता?"

"भाकड?" बाई उसळल्या. "गाय भाकड की गवळी आंधळा ते आधी बघा! ज्या गावात भांडी देणाऱ्या तळ्याची गोष्ट सांगतात, त्या गावात कुणी तळ्यात घाण टाकताना दाखवा मला. गोष्ट खरी की खोटी हे सोडा. गोष्ट सांगून लोकांनी काय राखलं ते विचारा."

अशा या बाई आसरखेड्याच्या तळ्यावर सहल घेऊन गेल्या, आणि तिथून सगळं पेटलं.

आसरखेडं त्र्यंबकच्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या पायथ्याशी. सर्व्हिस मोटारीतून उतरून बरंच चालायला लागायचं. तळं मात्र डोळ्याचं पारणं फेडणारं. तिन्ही बाजूंनी काळे कातळ उतरत आलेले, मध्ये परातीत भरून ठेवल्यासारखं पाणी, पलीकडच्या काठाला आसरांचे सात दगड. चौथ्या बाजूला तेवढ्या बांधीव पायऱ्या आणि त्यांच्या तोंडाशी लोखंडी फाटक. फाटकाशी इनामदारांचे दिवाणजी बसलेले. तळं इनामदारांचं. हे इनामदार आमच्या शाळेच्या कमिटीवर होते, म्हणून आम्हांला फाटक उघडलं.

तळ्याचं जास्तीचं पाणी जिथून ओढ्यात उतरायचं, तिथं खाली बायका मडकी घेऊन बसल्या होत्या. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या. ओढा आटत आलेला. खडकावरून बोटभर धार गळत होती, आणि एक मडकं भरायला जीव जात होता. त्यांना वर यायची बंदी. गावच्या कुणा बाईला दया आली तर ती वरून कळशी ओतायची, नाहीतर धारेखाली बसून राहायचं. तळं डोळ्यांसमोर आणि घशाला कोरड. बाईंनी ते पाहिलं आणि दिवाणजींना विचारलं, "यांना का बंदी?"

"खासगी मालकीचं तळं आहे, बाई. साहेबांच्या आजोबांनी खोदलं. तो मधला खांब दिसतो ना? ती खूण." पाण्याच्या मधोमध एका दगडी खांबाचं टोक वर आलेलं होतं.

"खोदलं?" बाई म्हणाल्या. "मग माती कुठं गेली?"

दिवाणजी गोंधळले. "कसली माती?"

"एवढं तळं खोदलं तर डोंगराएवढी माती निघायला हवी. ती आजोबांनी खाल्ली का?"

मुली खुसखुसल्या. मी डोळे वटारले, पण हसू मलाही आवरेना. पुढं बाईंनी जे केलं त्यानं मात्र माझंही हसू आटलं. त्यांनी पिशवीतून सुतळीला बांधलेलं एक लोखंडी वजन काढलं. पाण्याची खोली बघायचं त्यांचं हत्यार ते. कासोटा घट्ट केला, चष्मा माझ्या हातात दिला, आणि पायऱ्या उतरून सरळ पाण्यात. कोकणातल्या माहेरी पोहायला शिकलेल्या. सपासप हात मारत खांबापर्यंत गेल्या. दिवाणजी बोंबलतायत, "अहो, बाई बुडाली! बाई बुडाली!" बाई जागोजाग वजन सोडतायत, सुतळीच्या गाठी मोजतायत, आणि कातळाला हात लावून बघतायत. ओलेत्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "कुठंही छिन्नीचा घाव नाही. उतार हळूहळू खोल जातो. तळाला गार झरा लागतो. हे तळं कुणी खोदलेलं नाही. डोंगरानं ठेवलंय. आजोबांनी पायऱ्या बांधल्या, त्याबद्दल त्यांना शाबासकी. गावाचं नाव आसरखेडं आहे, आजोबाखेडं नाही."

खालच्या बायकांतली एक खळखळून हसली. उंच, काळी, कपाळावर हिरवं गोंदण. ती रखमा. बाई ओल्या लुगड्यानं तिच्याशेजारी जाऊन बसल्या आणि सगळं समजावून सांगायला लागल्या. तळं निसर्गाचं आहे, कुणाच्या बापाचं नाही, वगैरे. रखमानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ते आमाला ठावं हाय," ती म्हणाली. "आसरांनी आनलं तळं, आमच्या आजीची आजीबी ह्येच सांगायची. परसाली माझा दीर पायऱ्या उतरला, तर हितंच त्याचं डोस्कं फोडलं. काठी मारनारा काय तळं कुनी खोदलं ते इचारून मारतो व्हय?"

बाई लुगड्याचा पदर पिळत उठल्या.  परतीच्या मोटारीत त्या एवढंच बोलल्या, "त्यांची मालकीची खूण तो खांब आहे. त्या खांबाचं बघितलं पाहिजे."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या घरी हजर. माझ्या वडिलांकडे, अण्णांकडे. अण्णा म्हणजे सोवळ्याची कमाल. केस राखलेल्या विधवेकडे बघून बोलायचं नाही हा त्यांचा नेम, आणि दारी आलेल्याच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं हाही नेम. दोन्ही पाळायचे म्हणून ते तुळशीकडे तोंड करून बसले. बाई ओटीच्या पायरीवर.

"गुरुजी, तळ्याच्या मधोमध खांब का रोवतात?"

"उत्सर्गाचा असेल," अण्णा तुळशीला म्हणाले. "कुणी तळं खोदलं की त्याचा उत्सर्ग करावा लागतो. त्याशिवाय ते पाणी देवाला चालत नाही. होम करतात, मधोमध खांब रोवतात. यजमान गाईचं शेपूट धरून पाणी पार करतो. मग ती गाय ब्राह्मणाला द्यायची."

"आणि पाणी?"

"पाणी सगळ्यांना. यजमान हातावर उदक घेऊन संकल्प सोडतो, की हे पाणी मी भूतमात्राला दिलं. त्यांनी न्हावं, प्यावं, सुखानं राहावं."

"भूतमात्राला म्हणजे कुणाकुणाला, गुरुजी?"

अण्णांना प्रश्नाचा रोख कळला असावा. त्यांनी जानवं सारखं केलं. मग म्हणाले, "भूतमात्र म्हणजे भूतमात्र. गाई, म्हशी, कावळे, कुत्री, माणसं. त्यात कुणालाही वगळलेलं नाही."

"म्हणजे खांब ही मालकीची खूण नव्हे?"

"मालकी सोडल्याची खूण," अण्णा म्हणाले. बाईंनी मांडीवर अशी थाप मारली की अण्णांनी दचकून त्यांच्याकडे बघितलंच. नेम मोडला तो मोडला. आत येऊन मला म्हणाले, "ही बाई तुझ्या शाळेत आणखी किती दिवस आहे?"

माझं लग्न ठरत नव्हतं म्हणून मी शिकवत होते, की शिकवत होते म्हणून ठरत नव्हतं, याचा निकाल आमच्या घरात लागलेला नव्हता. त्यात आता या बाईंची संगत. अण्णांची काळजी मला कळत होती.

अक्षय्य तृतीयेला इनामदारांच्या तळ्यावर मोठी पूजा असे. पितरांच्या नावानं पाण्यानं भरलेलं मडकं दान द्यायचा तो दिवस. त्या वर्षी त्यांनी पंचवटीतून पाच-सहा ब्राह्मण बोलावले, त्यांत अण्णा. शाळेच्या कमिटीला आणि आम्हां शिक्षिकांना आमरस-पुरणपोळीचं आमंत्रण. मोठ्या बाईंनी जोगळेकरबाईंना बजावलं, "जेवायचं, नमस्कार करायचा, परत यायचं. तोंड उघडायचं ते घास घालायला." बाई म्हणाल्या, "आमरसाला नाही म्हणण्याइतकी मी वाईट नाही."

उन्हाळ्यानं तळं खूप खाली गेलं होतं. खांब कमरेपर्यंत उघडा पडला होता. पायऱ्यांवर मांडव, मांडवात पाटपाणी, ब्राह्मणांपुढं नवी कोरी मडकी ओळीनं भरून ठेवलेली, आणि खाली ओढ्यात रखमा आणि तिच्या सोबतिणी, रिकामी मडकी घेऊन. इतक्या बायका मी तिथं कधी पाहिल्या नव्हत्या.

इनामदार गृहस्थ तसे हसतमुख. पाहुण्यांना हौसेनं तळ्याची कथा सांगत होते. "आमच्या आजोबांनी हे तळं बांधलं तेव्हा काशीहून ब्राह्मण आणले होते. सात दिवस होम. आणि त्या खांबाशेजारून आजोबा गाईचं शेपूट धरून हे असे पार झाले! साठीच्या वयात! अख्खा गाव काठावर उभा राहून बघत होता." आणि हात लांब करून त्यांनी शेपूट धरल्याचा अभिनयही केला. लोक कौतुकानं हसले.

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसत नव्हते.

जोगळेकरबाई उठल्या. मोठ्या बाईंनी त्यांचा पदर धरला, तो त्यांनी अलगद सोडवून घेतला. आवाज अगदी मऊ. "इनामदारसाहेब, कथा फार छान. त्या गाईचं पुढं काय झालं हो?"

"दान दिली. ब्राह्मणाला."

"पुढं कधी दूध कमी पडलं म्हणून परत मागितलीत?"

"छे छे!" इनामदारांनी कानाला हात लावले. "दिलेलं दान परत घेणारे आम्ही नव्हे."

"मग पाणी का परत घेतलंत?"

 इनामदारांना कळेना. बाईंचा आवाज आता चढला. "तळं कुणी खोदलेलं नाही हे मी कातळ बघून सांगते. मग ते तुमचं नाही. तुम्ही म्हणता आजोबांनी खोदलं. बरं, खोदलं! मग त्या खांबापाशी हातावर पाणी घेऊन त्यांनी ते भूतमात्राला दिलं. तरीही ते तुमचं नाही. तुम्हीच निवडा काय ते. गाय परत मागायची लाज वाटते, आणि पाण्याला फाटक लावायची वाटत नाही?"

इनामदारांचा चेहरा लालबुंद झाला. ते ब्राह्मणांकडे वळले. "भटजी, सांगा या बाईला! शास्त्र हिला कुणी शिकवलं?"

बाकीचे पत्रावळीकडे बघायला लागले. अण्णा उठले. पुढ्यातलं भरलेलं मडकं त्यांनी दोन्ही हातांनी बाजूला सरकवलं.

"मी शिकवलं," अण्णा म्हणाले. "उत्सर्ग केलेलं पाणी यजमानाचं राहत नाही. मी माझं सोवळं सोडणार नाही, आणि मला कुणी सोडायला सांगू नये. पण विचारलंत, तर खोटंही सांगणार नाही." आणि उपरणं झटकून ते मांडवाबाहेर गेले. उपाशी. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतका अभिमान मला माझ्या बापाचा त्याआधी कधी वाटला नव्हता.

एवढ्यात खालून आवाज आला. "झालं का तुमचं?"

रखमा वर आली होती. तिच्यामागं सगळ्या. फाटक पूजेसाठी सताड उघडं. दिवाणजी काठी घेऊन धावले, पण पाहुण्यांकडे बघून जागीच थबकले. कमिटीची माणसं, शिक्षिका, शहरातले वकील. एवढ्या लोकांसमोर बायकांवर काठी कोण उचलणार? रखमा पायऱ्या उतरली. घाई नाही, घोटाळणं नाही. मडकं पाण्यात आडवं केलं, ते गुडगुड करत भरलं. मग दुसरी उतरली, मग तिसरी.

जोगळेकरबाई पायऱ्या उतरून रखमाशेजारी गेल्या, खाली वाकल्या आणि तिच्यासमोर ओंजळ धरली. रखमानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा मांडवाकडे, आणि मडक्यातून पाणी ओतलं. बाई सगळ्यांच्या देखत प्यायल्या. चष्म्यावर थेंब उडाले ते पुसलेही नाहीत. फाटकाबाहेर उभे राहून अण्णा बघत होते. त्यांनी तोंड फिरवलं नाही.

पुढं काही दिवसांनी मी रखमाला म्हटलं, बाईंच्या बोलण्यानं तुम्हांला केवढा धीर आला नाही? ती हसत सुटली. "बाईंचं भांडान आयकाया न्हवतो आलो, ताई. पाव्हन्यांफुडं काठी उचलनार न्हाईत, म्हून आमी आजचाच दिस धरला व्हता. पुस्तकात लिवलंय म्हून का कुनी पानी पितं? तान लागली म्हून पितं." हे मी बाईंना सांगितलं तर त्या इतक्या खूश झाल्या! म्हणाल्या, "कमल, माझ्या सगळ्या भूगोलापेक्षा ही बाई पुढं आहे."

पण ते नंतर. पाहुणे गेले आणि संध्याकाळी इनामदारांच्या गड्यांनी वस्तीत शिरून दिसेल ते मडकं फोडलं. दुकानदारानं वस्तीला मीठ द्यायचं बंद केलं, शेतावर कुणी कामाला बोलवेना. दुसऱ्या दिवशी बायका पुन्हा तळ्यावर. मडकी नव्हती, तर घरात जे काही तांब्यापितळेचं, पत्र्याचं होतं ते घेऊन. जोगळेकरबाई आपली तांब्याची घागर घेऊन पहिल्या मोटारीनं गेल्या. "मडकं फुटतं," त्या म्हणाल्या, "घागरीला फार तर पोचा येतो." पोचे आले. घागरीलाही आले आणि बाईंच्या मनगटालाही. त्या डाव्या हातानं फळ्यावर लिहायला लागल्या, ते अक्षर कुणाला लागेना. रखमाच्या दिराचं डोकं पुन्हा फुटलं. कित्येक आठवडे ही ओढाताण चालली, आणि एकही दिवस असा गेला नाही की वस्तीतलं कुणी पाण्यात उतरलं नाही.

शाळेच्या कमिटीनं बाईंना बोलावून घेतलं. इनामदारांची माफी मागा, नोकरी राहील. मोठ्या बाई बिचाऱ्या हात जोडून म्हणत होत्या, दोन शब्द म्हणून टाका हो. जोगळेकरबाई म्हणाल्या, "मी भूगोलाची शिक्षिका. चुकीचं शिकवलं असेल तर माफी मागणं माझं कर्तव्यच आहे. तळं खोदल्याची माती दाखवा. आत्ता मागते."

माती काही कुणी दाखवली नाही. बाईंची नोकरी गेली. नाशकात त्यांना दुसरी शाळा मिळेना. त्या वस्तीतच एका पडवीत राहायला गेल्या आणि पोरांना समोर बसवून चिखलाचे डोंगर करायला लागल्या.

आणि मग इनामदारांनी जे केलं ते त्यांनीच करावं. त्यांना कुणी सल्ला दिला देव जाणे. त्या खांबामुळेच आपली शोभा झाली हे त्यांच्या मनानं घेतलं, आणि पाणी तळाला गेलेलं पाहून त्यांनी बैलांच्या जोड्या लावून तो खांब उपटून काढला. काठापर्यंत ओढत आणला, आणि पुढं नेता येईना म्हणून तिथंच टाकला. बातमी पंचवटीत आली तेव्हा अण्णा संध्येला बसत होते. त्यांच्या हातातली पळी खाली पडली. "उत्सर्गाचा खांब उपटला? स्वतःच्या आजोबाचं पुण्य उपटलं?"  दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक नारळ ठेवला. "आसरखेड्याला चालली आहेस ना? पाण्याला दे." मी जाणार आहे हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पावसाला अजून अवकाश होता. जोगळेकरबाईंना खानदेशातल्या एका शाळेनं बोलावलं होतं, उद्या निघायच्या होत्या. तीच आमची शेवटची भेट. नंतर त्या मला पुन्हा दिसल्या नाहीत.

फाटक होतं, पण त्याला कुलूप नव्हतं आणि दिवाणजीही नव्हते. रोजच्या रोज बायकांना अडवून इनामदारांचे गडीच आधी थकले होते. लांबूनच धपधप आवाज येत होता. काठावर तो खांब आडवा पडला होता, आणि त्याच्या एका टोकाला रखमा लुगडं खोचून गोधडी आपटत होती. दुसऱ्या टोकाला जोगळेकरबाई. आपलं नऊवारी त्याच दगडावर घासत होत्या, साबणाचा फेस कोपरापर्यंत. शेजारी पोचे आलेली घागर.

मला बघून बाई ओरडल्याच, "कमल, बघितलंस का? मी म्हणत होते खोदलं नाही, तर हे खांब दाखवत होते. आता खांबही नाही! आजोबांचा पुरावा नातवानंच उपटला. आता सांग, तळं कुणाचं?"

"बाई, सरका की जरा," रखमा म्हणाली. "तुमचं उडतंय माझ्या गोधडीवर."

बाई सरकल्या. मी नारळ पुढं केला आणि म्हटलं, अण्णांनी दिलाय, पाण्यासाठी. बाईंचे हात थांबले. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग पंचवटीच्या दिशेला, आणि ओल्या हातानं डोळे पुसले. अण्णांच्या सोवळ्यातला तो नारळ त्यांनी माझ्याकडून घेतला आणि रखमाच्या हातात दिला.

"कुनाच्या नावानं फोडू?" रखमानं विचारलं.

"नाव कशाला हवं?" बाई म्हणाल्या. "फोड. सगळ्यांना खोबरं दे."

रखमानं पदर खोचला, नारळ डोक्यावर नेला आणि इनामदारांच्या आजोबांच्या खांबावर आपटला. दगड पक्का होता. पहिल्याच घावात दोन भकलं झाली.